वंशावळीत नसलेली लेक आणि तहसिलीतली रेकॉर्ड रूम

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘घराण्याचा इतिहास कुठे आणि कसा शोधायचा’. विषय ऐकून तुमच्यातल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. घराण्याचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे वाडा येतो, तलवार येते, नाहीतर जाडजूड कुलवृत्तांत येतो. आपल्याकडे येणाऱ्या बाईला कसलं आलंय घराणं? तिच्याकडे असते एक पिशवी. तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारकार्ड, घड्या पडून फाटत आलेला एखादा सातबारा आणि कुणीतरी शंभर रुपये घेऊन लिहून दिलेला अर्ज.

पण त्याच बाईला कचेरीत पहिला प्रश्न काय विचारतात? ‘तू अमक्याची मुलगी कशावरून?’ भाऊ शेजारी उभा असतो, त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं आडनाव बापाचं आहे, घर बापाचं आहे, गाव तेच आहे. हिचं नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं, कधीकधी तालुका आणि जिल्हाही बदलला. तेव्हा घराण्याचा इतिहास शोधायची गरज वाडेवाल्यांपेक्षा हिलाच जास्त आहे. आणि तो शोधायचं आपलं केंद्र म्हणजे तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम. तिथे आपण जात नाही, कारण ती खोली आपली नाही असं आपल्याला वाटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बहुतेकींना ते पाठ आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केलं. महाराष्ट्राने १९९४मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना बाहेर ठेवलं. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. ‘आमचं तोंडी वाटप कधीच झालंय’ या भावांच्या लाडक्या वाक्यालाही न्यायालयाने सहजासहजी मान्यता नाकारली. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेलं वाटप मात्र उकरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आदिवासी बहिणींना हा कायदा लागू नाही, मुस्लिम आणि ख्रिश्चन बहिणींचे कायदे वेगळे. पण ‘मी याची मुलगी’ हे कागदावर दाखवण्याची वेळ सगळ्यांवर येते, म्हणून पुढचं सगळ्यांसाठी आहे.

वारस नोंदीच्या वेळी एक वंशावळ दिली जाते, प्रतिज्ञापत्रावर. वर आजोबा, खाली मुलगे, त्याखाली नातू. लेकी गाळलेल्या. सही-शिक्का बघून आपल्या बाया घाबरतात, त्यांना वाटतं सरकारनेच ठरवलं की आपण नाही. तसं नाही. ती वंशावळ म्हणजे भावाने शपथेवर केलेलं म्हणणं आहे. त्याच्या म्हणण्याला आपलं म्हणणं पुरेसं नाही, जुना कागद लागतो. भांडण सुरू व्हायच्या आधी, कुणाच्याही फायद्यासाठी नाही तर रोजच्या कामात लिहिला गेलेला कागद. न्यायालयात अशा नोंदीला वजन असतं ते यासाठीच.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला कुटुंबाचा नकाशा काढायला शिकवलं होतं. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा. फार नेटकं दिसायचं ते. सातबाऱ्यावरही गोल असतात, पण त्यांत बाई नसते, फेरफाराचा नंबर असतो. बाईपर्यंत पोचायचं तर तो नंबर धरूनच जावं लागतं. आजच्या शिबिरात एवढी एक गोष्ट घेऊन गेलात तरी चालेल: मालकाच्या नावाशेजारी गोलात जो आकडा आहे, तो त्याचं नाव त्या जमिनीला कसं लागलं याचा पत्ता आहे. तो फेरफार काढा. त्यात आधीच्या मालकाचं नाव सापडेल. मग जुन्या सातबाऱ्यावर त्याच्या शेजारचा गोल बघा. असं एकेक पायरी मागे जायचं. जिल्ह्याच्या इतिहासात शिरायचं नाही, ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या’ असा अर्ज करायचा नाही. तशा अर्जाचं उत्तर ‘माहिती संदिग्ध आहे’ असंच येतं, आणि खरं सांगू का, ते उत्तर बरोबर असतं. अर्जात गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार नंबर, नसेल तर साल अमुक ते अमुक, एवढंच लिहायचं.

आमच्या तालुक्यातली एक केस सांगते. बाई पन्नाशीच्या. नवऱ्याने टाकल्यावर वीस वर्षं मजुरी केली, आता गुडघे गेले. माहेरी पाच एकर बागायत, एकुलता भाऊ. भावाच्या वंशावळीत बहीण नव्हतीच. आम्ही सातबाऱ्यावरचा गोल धरून मागे गेलो. भावाच्या नावाशेजारचा फेरफार ऐंशीच्या दशकातला निघाला. त्यात लिहिलेलं: अज्ञान खातेदार सज्ञान झाल्याने अ.पा.क. शेरा कमी केला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. म्हणजे त्याआधी कुणीतरी पालक होतं. कोण? आणखी एक फेरफार मागे गेलो. १९७४ सालचा, बाप मेल्यावरचा. त्यात स्वच्छ अक्षरात वारस लिहिलेले होते: मुलगा, अज्ञान. मुलगी, अज्ञान. अ.पा.क. आई.

म्हणजे ती बाई नऊ-दहा वर्षांची असताना त्या जमिनीची नोंदलेली वारस होती. तिने कधी हक्कसोड दिलं नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला, आईचा शेरा काढला, आणि शेऱ्याबरोबर मुलीचं नावही निघून गेलं. ते कुणी मुद्दाम केलं की सातबारा नव्याने लिहिताना कारकुनाने गाळलं, हे आज सांगता येणार नाही. पण नाव होतं. बाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मंजी आईनं माजं नाव लावलं हुतं.’ आई जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने आपल्याला काहीच दिलं नाही असा या बाईंचा समज होता.

महसूल कायद्याच्या कलम १५५खाली लेखनातली चूक दुरुस्त करायला अर्ज केला. तहसीलदारांनी नाव पुन्हा लावण्याचा आदेश दिला. भाऊ अपिलात गेला, ते प्रांताधिकाऱ्यांपुढे चालू आहे. तो म्हणतो ही लेखनातली चूक नाहीच, दिवाणी कोर्टात जा. कदाचित जावंही लागेल. महसूल खातं मालकीहक्क ठरवत नाही, नोंदी ठेवतं, हे आपण बायांना सुरुवातीलाच सांगायला हवं. पण दिवाणी कोर्टात जातानाही तो १९७४चा फेरफार हातात आहे.

असंच दुसरं एक आद्याक्षर आहे: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारले की थोरल्या मुलाचं नाव लागायचं आणि पुढे ही तीन अक्षरं. अर्थ असा की हा सगळ्यांच्या वतीने आहे, एकटा मालक नाही. फेरफारात बाकीच्या वारसांची नावंही बहुतेक वेळा मिळतात. पण वहीची पानं संपली की नवा सातबारा लिहिला जातो, आणि दोन-तीन पुनर्लेखनांत ही अक्षरं गळतात. मग थोरल्याची मुलं म्हणतात, जमीन आमच्या बापाची. फक्त आजचा सातबारा बघणाऱ्याला ते खरंच वाटणार.

आता नंबरच जुळत नाहीत अशी अडचण येते. जमीन एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्या बाईला गट माहीत, जुन्या फेरफारात सर्व्हे. त्यांचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात लागतो, तहसिलीत हेलपाटे घालू नका. दुसरं म्हणजे तालुका-जिल्ह्यांची फाळणी. जालना १९८१ साली औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवातून. जुनं दप्तर कधी नव्या ठिकाणी आलं, कधी जुन्याच ठिकाणी राहिलं. ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं तर ‘मग कुणाकडे आहे’ हा पुढचा प्रश्न तिथेच विचारायचा. मराठवाड्यात आणखी एक: निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि साल फसली. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. शके असेल तर ७८ मिळवा. आपल्याकडचे जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस लागतो आणि तो पैसे घेतो, ते आधी ठरवून घ्या.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांनी रुमाल सोडले, मोडी वाचणारे बोलावले, कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, जुने फेरफार पानन् पान तपासलं. त्या मागणीबद्दल तुमची मतं काहीही असोत. माझा मुद्दा एवढाच की ‘जुनं रेकॉर्ड आहे, पण कोण शोधणार बाई’ हे उत्तर त्यानंतर ऐकून घ्यायचं कारण नाही. शोधता येतं हे सगळ्यांनी पाहिलंय.

मी आत्ता कोतवाल बुक म्हटलं. जन्म-मृत्यूची गावची जुनी वही, गाव नमुना १४. आपल्या कामाची फार मोठी जागा आहे ती. पण तिथे बाई शोधायची तर डोळे वेगळे लागतात. मुलीच्या जन्माची नोंद असते, नाव नसतंच कधीकधी. बापाचं नाव, जात, ‘मुलगी’, तारीख. नाव असलंच तर घरातलं. माहेरची चंद्रभागा, सासरची सरस्वती, आणि कोतवालाच्या वहीत चंदी. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख दिल्यामुळे जवळजवळ २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली होती. ती मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली. आपल्याकडे नावं दिली, पण एकीला तीन-तीन.

म्हणून कचेरीत जायच्या आधी एक अख्खा दिवस बाईबरोबर बसा. शक्य असेल तर तिच्या आत्याला, मावशीला, माहेरच्या शेजारणीला भेटा. म्हाताऱ्या बायांना सगळं माहीत असतं, पण साल विचारलं की गप्प होतात. साल विचारूच नका. ‘बहात्तरच्या दुष्काळात तू कडेवर होतीस की चालत होतीस?’ असं विचारा. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. पानशेत फुटलं, जुलै १९६१. किल्लारी, सप्टेंबर १९९३. यांवरून दोन-तीन वर्षांच्या आत जन्मसाल ठरवता येतं. मग कोतवाल बुकाची दहा वर्षं चाळायला नकोत, तीन पुरतात. बाईची सगळी नावं, हाक मारायचं नावसुद्धा, एका कागदावर लिहा. बापाचीही सगळी नावं लिहा. दाजी, आप्पा, अण्णा या नावाने गाव ओळखत असलं तरी वहीत वेगळंच असतं.

शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. मुलगी दोनच वर्षं शाळेत गेली असली तरी तिचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख तिथे असते. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘लग्न’ असंही लिहिलेलं मी वाचलंय. वय मोजलं तर अकरा. निर्गम उतारा मागायचा, तो तिचा हक्क आहे. शाळेत गेलीच नसेल तर धाकट्या भावाच्या प्रवेशाने काही सिद्ध होत नाही, तिथे वेळ घालवू नका.

काही जणी विचारतात, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांचं काय? तिथे गावावरून, आडनावावरून नावं मिळतात, कधी बरोबर आलेल्या लेकीसुनांचीही. धागा मिळायला चांगलं. पण एवढ्या भाड्याखर्चात तालुक्याला चार वेळा जाऊन होतं, आणि ज्यांना त्या क्षेत्रांची दारंच बंद होती त्या जातींच्या बायांना तिथे काय मिळणार? मी आधी रेकॉर्ड रूमच सांगेन.

वारसा सोडून दुसरं काम तुमच्याकडे जास्त येत असेल ते मुलांच्या जातीच्या दाखल्याचं. टाकलेल्या बाईचं मूल दहावी-बारावीला येतं आणि बापाकडचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. सासरचे कागद देत नाहीत, वर म्हणतात ‘नांदायला ये, मग देतो’. कागदासाठी बाईला मारझोडीच्या घरात परत पाठवणं हा उपाय नव्हे. कुणी सुचवलाच तर तिथल्या तिथे बोला. सासऱ्याचे आणि आजेसासऱ्याचे फेरफार आणि कोतवाल बुकातली नोंद यांच्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, नकलेचा अर्ज आपला आपण करता येतो. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७प्रमाणे त्या रजिस्टरातला शोध आणि उतारा कुणीही फी भरून मागू शकतं. नवरा कुठे आहे हे सांगायची गरज नाही. आई मागास जातीची, बाप वरच्या जातीतला, आणि मूल आईनेच तिच्या समाजात वाढवलं, अशा प्रकरणात फक्त बापाची जात बघून दार बंद करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये म्हटलंय. पण तिथेही मूल आईकडे वाढल्याचे पुरावे लागतात, म्हणजे पुन्हा शाळा, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद. ते आजपासून जपून ठेवायला सांगा.

१ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी येतं. चांगलं आहे. त्यांच्या लेकींना शोधणं सोपं जाईल. आपल्याकडे आज येणाऱ्या बाया त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या आहेत.

खोलीत गेल्यावर कसं वागायचं, तेही सांगते. एकटीला पाठवू नका, दोघीतिघी जा. नकलेच्या अर्जाला कोर्ट फी तिकीट लावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रेकॉर्डकीपर म्हणतो, ‘सापडत नाही.’ त्याच्याशी भांडू नका, तो बिचारा तीन माणसांचं काम एकटा करतो आणि धुळीने खोकत असतो. ‘अभिलेख आढळून येत नाही असं लेखी द्या’ म्हणा. लेखी द्यायचं म्हटलं की पुष्कळदा गठ्ठा सापडतो. नाहीच सापडला तर तो लेखी कागदही उपयोगी असतो. माहितीच्या अधिकारात नुसती नक्कल नाही, अभिलेख पाहायचीही मागणी करता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाहणीला वही आणि पेन्सिल न्या. जुन्या पानांजवळ शाईचं पेन उघडलं की कर्मचारी अस्वस्थ होतात, ते योग्यच आहे. आता बरेच जुने फेरफार ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेलेही सापडतात. आधी तिथे बघा, पण तिथे नाही म्हणजे कुठेच नाही असं समजू नका.

भाऊ वारसनोंद करतोय असं कळलं तर थांबू नका. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला पंधरा दिवस असतात. ती नोटीस बाईला सासरी मिळत नाही, चावडीवर लागते. माहेरच्या गावात आपली एखादी बाई असायला हवी, जी चावडीवरचा कागद वाचेल आणि फोन करेल. तलाठ्याचं पदनाम २०२४पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, फलक बदलला म्हणून गोंधळू नका.

आणि कागद मिळाला की लगेच दावा, असं आपण ठरवायचं नाही. भाऊबीज बंद होईल, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, या भीतीला आपण पटकन ‘संस्कार’ म्हणतो आणि पुढे जातो. आजारी पडली तर ती माहेरीच जाणार आहे, आपल्या ऑफिसात नाही. मघाच्या बाईंनी सही शिक्क्याची नक्कल घरी नेली आणि आठ महिने काही केलं नाही. मग एक दिवस स्वतः आल्या, म्हणाल्या, ‘लिवा अर्ज.’ त्या आठ महिन्यांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी आमच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पाहणीची परवानगी मिळाली आहे. मोडी वाचणारे निवृत्त गुरुजी येणार आहेत. ज्यांच्याकडे केस आहे त्यांनी आजचा सातबारा, आठ-अ आणि नावांचा कागद घेऊन साडेदहाला कचेरीच्या पायऱ्यांवर यावं. डबा बरोबर आणा, आसपास खायला काही मिळत नाही.